नदी नसलेल्या दऱ्या: समुद्रतळावरच्या घळया आणि त्यांच्या उपघळया

रत्नागिरीच्या एका भूगोलाच्या विद्यार्थ्याने विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर आहे. समुद्रतळाचा नकाशा चाळताना कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला लागून पाण्याखाली एक प्रचंड दरी त्यांच्या नजरेस पडली. झाडाच्या खोडाला फांद्या फुटाव्यात तशा तिला दोन्ही बाजूंनी लहान दऱ्या येऊन मिळालेल्या. त्यांचे प्रश्न तीन आहेत. समुद्राखाली नदी वाहत नाही, मग ही दरी खोदली कोणी? लहान दऱ्या हुबेहूब उपनद्यांसारख्या का दिसतात? आणि आपल्या कोकण किनाऱ्याजवळ असं काही का नाही?

समुद्रतळाची मोजणी करण्यात आणि ते नकाशे वाचण्यात माझी पंचवीसहून जास्त वर्षं गेली. नव्या माणसाला मी आधी एकच गोष्ट सांगतो: घळईचा नकाशा हातात आला की तिची सगळ्यात खोल जागा शोधत बसू नका, सांधे पाहा. उपघळई मुख्य घळईला ज्या ठिकाणी मिळते, तिथे दोघींचा तळ एका पातळीवर आहे की उपघळई वर लटकली आहे? तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे आणि पहिल्याचंही बरंचसं. पण सुरुवात पहिल्यापासूनच करू.

तुम्ही पाहिलेली दरी म्हणजे माँटेरी घळई. मॉस लँडिंग नावाच्या लहानशा बंदराच्या अगदी तोंडाशी ती सुरू होते. तिच्या काठापासून तळापर्यंतची खोली काही ठिकाणी १,७०० मीटरच्या घरात आहे, म्हणजे ॲरिझोनातल्या ग्रँड कॅन्यनच्या तोडीची. अशा घळया जगभर हजारोंनी आहेत. एकेकाळी त्या बुडालेल्या नदीदऱ्या मानल्या जात. हिमयुगात समुद्र खाली गेला, नद्यांनी दऱ्या कोरल्या, समुद्र परतला आणि दऱ्या पाण्याखाली गेल्या, असा तो तर्क. अडचण खोलीची आहे. शेवटच्या हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती आणि घळया तर तीन-तीन हजार मीटर खोलीपर्यंत उतरत जातात. इतका समुद्र आटवायचा कुठून?

खरोखर आटलेला एक समुद्र मात्र आहे, आणि तो अपवाद सांगायलाच हवा. साधारण ६० लाख ते ५३ लाख वर्षांपूर्वी अटलांटिकशी संबंध तुटल्यामुळे भूमध्य समुद्राचं पाणी फार खाली गेलं होतं. त्या काळात नाईल नदीने आपलं पात्र इतकं खोल कापलं की आस्वानच्या मोठ्या धरणासाठी भोकं पाडली तेव्हा आजच्या पात्राखाली, समुद्रसपाटीच्याही खाली, गाळाने बुजलेली जुनी घळई सापडली. किनाऱ्यापासून इतक्या आत! तेव्हा नदीने कोरलेली आणि नंतर बुडालेली दरी असू शकते. पण तो भूमध्य समुद्राचा खास इतिहास आहे. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी किंवा बंगालच्या उपसागराला तो लावता येत नाही.

मग खोदणारा कोण? १९३६ साली भूवैज्ञानिक रेजिनाल्ड डॅली यांनी एक उत्तर सुचवलं: गाळाने जड झालेलं पाणी. फिलिप क्यूनेन यांनी प्रयोगशाळेतल्या टाक्यांमध्ये असे प्रवाह वाहवून दाखवले. तरीही समुद्रात असं खरंच घडतं का, हा प्रश्न उरलाच होता. त्याचा पुरावा निघाला तारखात्याच्या जुन्या नोंदींतून. १८ नोव्हेंबर १९२९ रोजी न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला, ग्रँड बँक्सच्या उतारावर ७.२ क्षमतेचा भूकंप झाला. केंद्राजवळ समुद्रतळावर टाकलेल्या तारायंत्राच्या तारा तत्काळ तुटल्या, त्यात नवल नाही. पण त्यानंतर उताराच्या खालच्या बाजूच्या तारा एकामागून एक, ओळीने, तेरा तासांहून अधिक वेळ तुटत राहिल्या. एकूण १२ तारा. प्रत्येक तार तुटल्याची वेळ मिनिटापर्यंत नोंदलेली होती. ब्रूस हीझेन आणि मॉरिस युइंग या भूवैज्ञानिकांनी १९५२ मध्ये या वेळा नकाशावर मांडल्या, तेव्हा तळालगत धावत गेलेला एक लोट स्पष्ट दिसला. त्याच भूकंपामुळे उठलेल्या त्सुनामीत न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर २८ माणसं मेली, हे तारांच्या गोष्टीत अनेकदा सांगायचं राहून जातं.

या लोटाला मी गढूळ लोट म्हणतो. त्याचं गणित नदीच्या उलट असतं. नदीत पाणी गाळाला वाहून नेतं, इथे गाळ पाण्याला ओढून नेतो. गाळ मिसळलेलं पाणी भोवतीच्या स्वच्छ पाण्यापेक्षा थोडंसं जड होतं आणि उतारावरून घसरू लागतं. घसरताना वेग आला की तळाची वाळू उचलली जाते, त्याने लोट आणखी जड होतो, वेग आणखी वाढतो, आणखी वाळू उचलली जाते. स्वतःच स्वतःला भर घालणारा हा प्रकार आहे. उतार कमी झाला किंवा उचलायला सैल वाळू उरली नाही, की गाळ खाली बसू लागतो आणि लोट विझतो. म्हणून घळई कापण्यासाठी दोन गोष्टी हव्यात, उतार आणि माल. आणि माल म्हणजे कुठलाही गाळ नव्हे. बारीक चिखल एकदा बसला की चिकटतो. कापण्याचं काम करते ती वाळू, तीच या कामातली पटाशी.

नदीचा पूर थेट समुद्रात शिरून तळाशी जाईल, ही कल्पना मोहक आहे, पण नदीचं पाणी गोडं असतं आणि म्हणून हलकं. ते खाऱ्या पाण्याखाली जायचं तर एका घनमीटरमागे सुमारे ३६ ते ४३ किलो गाळ असावा लागतो. बहुतेक मोठ्या नद्या या आकड्याच्या जवळपासही जात नाहीत. बहुतेक वेळा नदी गाळ मुखाशी टाकते, तो साचतो, आणि नंतर भरती-ओहोटी, वादळ, भूकंप किंवा नुसत्या स्वतःच्या वजनाने तो ढासळतो.

माँटेरी घळईच्या शिराशी, म्हणजे किनाऱ्याकडच्या वरच्या टोकाशी, तर मोठी नदीसुद्धा नाही. तिथे माल पुरवतात लाटा. किनाऱ्याला तिरक्या येणाऱ्या लाटा वाळूला किनाऱ्याकिनाऱ्याने पुढे ढकलत नेतात. दरवर्षी दोन लाख घनमीटरांच्या आसपास वाळू अशी सरकत येते, आणि घळईचं तोंड वाटेतच असल्यामुळे त्यात पडते. पुढे काय होतं ते प्रत्यक्ष मोजण्यासाठी २०१५ ते २०१७ दरम्यान १८ महिने या घळईत ओळीने उपकरणं बसवली होती. त्या काळात किमान १५ लोट नोंदले गेले. १५ जानेवारी २०१६ चा लोट ५० किलोमीटरहून पुढे गेला आणि त्याचा वेग सेकंदाला ७.२ मीटरपर्यंत पोचला. तळावर ठेवलेला ८०० किलोंचा उपकरणांचा सांगाडा त्याने कित्येक किलोमीटर खाली नेला. त्या नोंदी मी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा बराच वेळ त्यांच्यापुढे बसून होतो. आमच्या पिढीला शिकवलं होतं की गढूळ लोट म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या गाळाचा ढग. नोंदी सांगत होत्या की त्या ढगाच्या पुढे आणि खाली वाळूचा एक दाट, जवळजवळ ओल्या काँक्रीटसारखा थर धावतो. तळ खरवडायचं मुख्य काम तोच थर करतो. घळईच्या तळावर चंद्रकोरीसारख्या पायऱ्यांच्या रांगा दिसतात, त्याही अशाच लोटांनी घडवलेल्या. गंमत अशी की वाळू खाली जाते आणि पायऱ्या हळूहळू वरच्या दिशेने सरकतात, कारण प्रत्येक पायरीची उतरती बाजू खरवडली जाते आणि चढत्या बाजूवर वाळू बसते.

एवढ्यावरून घळई वरून खाली कापली जाते असं वाटेल. ते अर्धंच खरं आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यासमोरचा उतार पाहा. तिथे हडसनसारख्या काही घळया भूखंडमंचाच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ, सपाट समुद्रतळाच्या, आत शिरलेल्या आहेत. पण त्यांच्या मधल्या जागेत कितीतरी घळया अशा आहेत की त्यांचं शिर खंडान्त उतारावरच, म्हणजे मंचाच्या काठापासून खोल समुद्राकडे जाणाऱ्या तीव्र उतारावरच, थांबलेलं आहे. त्यांना वरून वाळू मिळायचा मार्गच नाही. मग त्या सुरू कशा झाल्या? खालून. उतारावर गाळाचे थर भराभर साचले की आतल्या पाण्याला बाहेर पडायला वाव मिळत नाही, त्याचा दाब वाढतो आणि थर ढासळतो. ढासळलेल्या जागी उभी कड तयार होते. आधार गेल्यामुळे कडेच्या वरचा भाग ढासळतो, मग त्याच्या वरचा. असं करत घळईचं डोकं उताराच्या वरच्या दिशेने सरकतं.

सह्याद्रीच्या माणसाला हे नवीन नाही. उल्हास नदीच्या उगमाची दरी राजमाची-खंडाळ्याच्या बाजूने घाटमाथ्यात कशी मागे मागे शिरली आहे ते पाहिलं की ही उगमाकडे सरकणारी झीज डोळ्यांसमोर उभी राहते. फरक इतकाच की घाटात पाऊस हे काम करतो आणि समुद्रात थर स्वतःच्या वजनाने कोसळतात.

माझं मत विचाराल तर ‘वरून की खालून’ हा वाद जितका लांबला तितका लांबायला नको होता. बहुतेक मोठ्या घळया दोन्हीकडून वाढतात, फक्त वेगवेगळ्या वयात. उतारावर आधी शेकडो बारीक ओघळ पडतात. त्यांतले काही जरा खोल होतात, शेजारच्या ओघळांचा माल स्वतःकडे वळवतात, त्यामुळे आणखी खोल होतात. शेजारचे भुकेले राहून बुजतात. जिंकलेल्या ओघळाचं डोकं ढासळत ढासळत मंचाच्या काठापर्यंत पोचलं की त्याचं आयुष्यच पालटतं. आता त्याला मंचावरची वाळू मिळू लागते. त्यात समुद्राची पातळी खाली असेल आणि नदीचं मुख मंचाच्या काठाशीच आलेलं असेल, तर मग विचारायलाच नको. पुढे समुद्र वर येतो, किनारा दूर जातो, पुरवठा बंद पडतो आणि घळईवर चिखलाची चादर पसरू लागते. ज्या मोजक्या घळयांचं डोकं मागे सरकत किनाऱ्याला लागूनच राहिलं, त्या आजही जागत्या आहेत. माँटेरी त्यांपैकी एक, आणि काँगो नदीच्या मुखात थेट शिरलेली काँगो घळई दुसरी. जानेवारी २०२० मध्ये काँगो घळईतून निघालेला लोट १,१०० किलोमीटरहून अधिक अंतर गेला आणि आफ्रिकेला इंटरनेट पुरवणाऱ्या तारा तुटल्या. त्याच्या काही आठवडे आधी नदीला अनेक दशकांतला सर्वांत मोठा पूर आला होता.

हे सगळं लाखो वर्षांच्या संथ गतीने चालतं असंही समजू नका. १४ नोव्हेंबर २०१६ रोजी न्यूझीलंडच्या कायकोरा भागात ७.८ क्षमतेचा भूकंप झाला. सुदैवाने तिथल्या घळईचा तळ आधी मोजलेला होता, त्यामुळे आधीचा आणि नंतरचा नकाशा शेजारी ठेवता आला. अंदाजे ८५ कोटी टन गाळ घळईतून बाहेर फेकला गेला होता. पिढ्यानपिढ्या साचलेला माल एका भूकंपाने रिकामा झाला.

आता उपघळया, म्हणजे माझ्या आवडीचा भाग.

जमिनीवर एक जुना नियम आहे: उपनदी मुख्य नदीला सहसा समपातळीवर मिळते, मधे धबधबा नसतो. कारण दोघींवर पाऊस साधारण एकाच ऋतूत पडतो, पूर एकाच सुमारास येतात, दोघी बरोबरीने पात्र कापतात. समुद्राखाली हा एकोपा नाही. मुख्य घळईत वर्षातून दहा लोट येतील आणि शेजारच्या उपघळईत शंभर वर्षांत एकही नाही, असं घडू शकतं. मुख्य घळईचा तळ खाली जात राहतो, उपघळईचं तोंड वरच राहतं आणि सांध्यावर उभी पायरी तयार होते. नकाशावर अशी लटकती उपघळई दिसली की समजावं, तिचा पुरवठा बऱ्याच काळापासून तुटला आहे.

पण लटकती उपघळई गप्प बसत नाही. तिच्या तोंडाशी तयार झालेली पायरी अस्थिर असते. ती ढासळते, मागे सरकते आणि हळूहळू पूर्ण उपघळईतून वर चढत जाते. तिच्या वाटेतला तळ खाली जातो, मग दोन्ही काठ उघडे पडून कोसळतात आणि तिथून आणखी लहान उपघळया फुटतात. फांद्यांचा आकार बराचसा असा येतो. पावसाच्या पाण्याने नव्हे, तर खालून वर चढत गेलेल्या ढासळण्यामुळे. म्हणून ‘उपनदीसारखी दिसते’ हे खरं असलं तरी ‘उपनदीसारखी बनली’ हे खरं नाही. अशा पायऱ्या किती वेगाने सरकू शकतात याचं मोजमाप कॅनडाच्या ब्यूट इनलेट या खाडीत झालं आहे. तिथल्या तळावरच्या मऊ गाळातल्या पायऱ्या वर्षाला १०० ते ४५० मीटर मागे सरकतात. जमिनीवरचा कुठलाही धबधबा यापुढे कासव ठरेल. खडकात अर्थातच हे काम फार हळू होतं.

सांध्याजवळ आणखी एक गोष्ट घडते, ती सहसा कोणी सांगत नाही. मुख्य घळईतला मोठा लोट कित्येक दहा मीटर जाड असतो. त्याचा वरचा, विरळ भाग उपघळईच्या तोंडातून आत, उताराच्या उलट दिशेने चढतो आणि तिथे चिखल टाकून जातो. पुराच्या वेळी नदीचं पाणी ओढ्यात उलटं शिरतं, तसंच. त्यामुळे उपघळईच्या तोंडात सापडलेला थर तिचाच असेल असं गृहीत धरू नये. तळातल्या गाळाचा नमुना काढताना या गोष्टीने मला एकदा चांगलंच फसवलं होतं. तोंडाजवळच्या वाळूच्या थरांवरून मी एका उपघळईला जागती ठरवलं होतं, आणि तिच्या शिराकडचा नमुना काढला तर वरून खालपर्यंत निव्वळ चिखल निघाला.

माँटेरीकडे परत जाऊ, कारण तिच्या दोन उपघळया शेजारी ठेवल्या की मुद्दा स्वच्छ होतो. उत्तरेकडची सोक्वेल घळई मंचाच्या आत शिरलेली आहे, पण तिचं डोकं किनाऱ्यापासून दूर राहिलं आहे. किनाऱ्याने सरकणारी वाळू तिला चुकवून पुढे मुख्य घळईत पडते. म्हणून सोक्वेल आज शांत आहे, तिच्यावर चिखल बसतो आहे. दक्षिणेकडच्या कार्मेल घळईचं डोकं मात्र कार्मेल उपसागरात पुळणीला अगदी लागून आहे, तिला वाळू मिळते. शिवाय तिची वाट बघा: बराच भाग सरळ, जणू पट्टी धरून आखलेला. तिथून सॅन ग्रेगोरिओ भ्रंश, म्हणजे खडक तुटून सरकल्याची लांब भेग, जातो आणि चुरगळलेल्या खडकाची ती आयती वाट घळईने धरली आहे. एकाच घळईच्या दोन उपघळया, एक झोपलेली, एक जागी. नकाशात एखादी उपघळई विनाकारण सरळ दिसली किंवा काटकोनात वळली, तर खाली भ्रंश आहे का ते आधी तपासावं.

आता एक वाईट वाटणारी गोष्ट. स्पेनच्या कॅटलोनिया किनाऱ्यासमोर ला फोनेरा नावाची घळई आहे. तिच्या काठांवर अनेक दशकं कोळंबीसाठी ट्रॉलर तळावरून जाळी ओढत आले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की जाळी फिरणाऱ्या काठावरच्या बारीक उपघळया जवळजवळ पुसल्या गेल्या आहेत, तर जिथे जाळी पोचत नाहीत तिथलं ओघळांचं जाळं शाबूत आहे. शेत वर्षानुवर्षं नांगरलं की त्यातले ओघळ बुजावेत, अगदी तसं. हजारो वर्षांत तयार झालेला आकार माणसाच्या एका आयुष्यात पुसला जातो आणि वरून कोणाला पत्ताही लागत नाही.

तुमचा तिसरा प्रश्न: कोकणासमोर का नाही? मुंबईसमोर भूखंडमंच सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे आणि दक्षिणेकडे तो अरुंद होत जातो. त्यावर वाशिष्ठी, शास्त्री, सावित्री या आपल्या नद्या आखूड. त्यांचा गाळ खाड्यांत आणि किनाऱ्यालगतच्या चिखलातच अडकतो, मंचाच्या काठापर्यंत पोचतच नाही. उतार दूर आणि वाळूचा पुरवठा नाही, म्हणजे लागणाऱ्या दोन्ही गोष्टी नाहीत. सह्याद्रीवर पडणाऱ्या पावसाचं मोठं पाणी तर उलट्या दिशेला जातं. महाबळेश्वरची कृष्णा आणि त्र्यंबकेश्वरची गोदावरी आपला गाळ बंगालच्या उपसागराला देतात. तिकडचा मंच अरुंद आहे आणि तिथल्या उतारावर घळया आहेत.

अरबी समुद्रात घळई पाहायची तर सिंधूच्या मुखासमोर जावं लागतं. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुखांसमोरची घळई इंग्रज दर्यावर्दींनी नोंदली, ती तिच्यात टोकाला शिसं बांधलेली दोरी सोडली तर तळ लागेना म्हणून. तिला त्यांनी दिलेल्या इंग्रजी नावाचा अर्थ ‘तळ नसलेला पट्टा’ असाच आहे. आपल्याकडे ‘थांग लागत नाही’ म्हणतात, तो शब्दशः हाच अनुभव. त्या दोन नद्या मिळून वर्षाला सुमारे १०० कोटी टन गाळ आणतात. चक्रीवादळांच्या लाटा तो मंचावरून ढवळून घळईच्या शिरात ढकलतात, म्हणून तिथल्या नमुन्यांत वादळांचे थर एकावर एक सापडतात. खाली त्या गाळाचा पंख्याच्या आकाराचा ढीग सुमारे ३,००० किलोमीटर दक्षिणेला पसरला आहे. पृथ्वीवर त्याच्याइतका मोठा दुसरा नाही.

आणि कोकणासमोर घळई नाही म्हणजे आपला उतार कायम शांत होता, असंही नाही. २०१५ साली आंतरराष्ट्रीय सागरतळ संशोधन कार्यक्रमाच्या ३५५ व्या मोहिमेने पश्चिम किनाऱ्यासमोरच्या लक्ष्मी खोऱ्यात छिद्रं घेतली. सिंधूच्या गाळाखाली तिथे एका अवाढव्य भूस्खलनाचा ढिगारा लागला. सुमारे १ कोटी ८ लाख वर्षांपूर्वी भारताच्या पश्चिम उतारावरून तो सुटून आला होता. त्याला नटराज असं नाव दिलं आहे. भूपट्टांची टक्कर होत नाही अशा जगातल्या किनाऱ्यांवरच्या सर्वांत मोठ्या भूस्खलनांत तो मोडतो. उतार कोसळला, पण घळई झाली नाही, कारण पडलेली खाच पुढे वाळूने कापत राहील असा पुरवठा तिला मिळाला नाही. गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. रत्नागिरीहून ती फार लांब नाही. कधी तिकडे जाणं झालं तर पश्चिम किनाऱ्याच्या उताराचा नकाशा बघायला मागा, आणि काठावरच्या खाचांमध्ये कुठली पायरी वर सरकलेली दिसते का ते शोधा.